खानदेशच्या नदीकाठावर आणि समुद्रकिनाऱ्यावर मेटल डिटेक्टर: नियम व परवानगीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. आमचा किनारा म्हणजे तापी, गिरणा, पांझरा, बोरी, अनेर आणि गोमाई या नद्यांचे वाळवंट. घाटावर कोणाची मंगलपोत तुटते, यात्रेत कोणाच्या बोटातली अंगठी वाळूत निसटते, आणि मग डिटेक्टर असलेल्या माणसाचा शोध सुरू होतो. मी बरीच वर्षे हा छंद जोपासत आहे आणि तेच ते प्रश्न मला घाटावर, चहाच्या टपरीवर आणि एकदा तर पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून ऐकावे लागले आहेत. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

मेटल डिटेक्टर विकत घेणे किंवा जवळ बाळगणे हाच गुन्हा आहे का?

जमिनीत सापडणाऱ्या वस्तूंशी प्रामुख्याने तीन केंद्रीय कायद्यांचा संबंध येतो: १८७८चा भारतीय निखात निधी (म्हणजे जमिनीत पुरलेले धन) अधिनियम, १९५८चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, आणि १९७२चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम. या तिन्हींत मेटल डिटेक्टर हा शब्दच आलेला नाही. कायदा विचारतो ते जागा कोणाची, तुम्ही तेथे खणलेत का, आणि जे हाती लागले त्याचे पुढे काय केलेत. त्यामुळे छंदासाठीचा परवाना नावाचा ठराविक नमुना या कायद्यांत शोधून सापडणार नाही. परवानगीचा प्रश्न यंत्राचा नसून खड्ड्याचा आहे, हे एकदा लक्षात आले की पुढची बहुतेक उत्तरे आपोआप उलगडतात.

नदीचे पात्र सार्वजनिकच आहे, मग तेथे परवानगी कशासाठी?

सार्वजनिक म्हणजे बेवारस नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले आणि तलाव यांची पात्रे राज्य शासनाच्या मालकीची आहेत. पात्रात फिरणे, अंघोळ करणे, गुरे पाण्यावर नेणे ही वहिवाट वेगळी आणि त्याच पात्रात खोरे घालणे वेगळे. त्यातच वाळू हे गौण खनिज असल्याने ती विनापरवाना काढणाऱ्यावर त्याच संहितेच्या कलम ४८ खाली दंडाची कारवाई होते. गिरणेच्या किंवा पांझरेच्या पात्रात भल्या पहाटे फावडे, चाळण आणि बॅटरी घेऊन उभा असलेला माणूस महसूल पथकाला लांबून कसा दिसत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. मी ज्या बाकाचा उल्लेख केला त्याचे कारण हेच होते. माझ्या पिशवीत वाळू नव्हे तर एकोणीस बाटल्यांची बुचे निघाली, म्हणून तासाभरात सुटलो.

मग परवानगी नेमकी कोणाकडे मागायची?

जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडे. उघड्या नदीपात्रासाठी तालुक्याचे तहसीलदार हे योग्य अधिकारी आहेत, आणि अर्जाची प्रत गावच्या तलाठ्याला व पोलीस पाटलाला द्यावी. गावातील घाट ग्रामपंचायतीच्या देखभालीत असेल तर सरपंच व ग्रामसेवक यांना, शहरात असेल तर नगरपालिका किंवा महापालिकेला, आणि देवस्थानाच्या आवारात असेल तर विश्वस्तांना लेखी विचारावे. धरणाचे व बॅरेजचे क्षेत्र जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येते. हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बांधाजवळ किंवा दरवाजांच्या खालच्या अंगाला यंत्र घेऊन जाण्याचा विचारही करू नये. पाणी ओसरल्यावर बुडीत क्षेत्रात जी गाळपेर होते, ती जमीन मोकळी दिसली तरी तेथे पीक घेण्याचा हक्क कोणाला तरी दिलेला असतो, म्हणून विभागाबरोबर त्या शेतकऱ्यालाही विचारणे आवश्यक आहे. खासगी शेतात मालकाची परवानगी पुरते, परंतु ती तोंडी न ठेवता गट क्रमांकासह कागदावर घ्यावी, आणि शेत बटाईने दिलेले असल्यास बटाईदारालाही कल्पना द्यावी.

अर्जात काय लिहावे?

थोडक्यात आणि नेमके लिहावे. मी वापरतो तो मजकूर असा: “मा. तहसीलदार साहेब यांस सविनय सादर. अमुक तारखेला अमुक गावच्या घाटाजवळ आमच्या नात्यातील स्त्रीची सोन्याची पोत पडली आहे. ती शोधण्यासाठी हातात धरावयाचे धातुशोधक यंत्र व एक खुरपे वापरू इच्छितो. कोणतेही यांत्रिक उत्खनन करणार नाही, वाळू अथवा माती हलवून नेणार नाही, खड्डे जागच्या जागी बुजवीन, आणि जुनी अथवा मौल्यवान वस्तू आढळल्यास तत्काळ आपल्या कार्यालयास कळवीन.” यासोबत ओळखपत्राची प्रत, दिवस आणि वेळ द्यावी. आवक क्रमांकाचा शिक्का असलेली पोच सोबत बाळगावी. पात्रात कोणी अडवले तर यंत्राच्या पावतीपेक्षा तीच कामास येते. केवळ पोच म्हणजे मंजुरी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

तहसीलदारांनी होकार दिला तर जुन्या वस्तूंच्या शोधासाठी खणता येईल का?

नाही. १९५८च्या अधिनियमातील कलम २४ असे सांगते की, संरक्षित नसलेल्या क्षेत्रातसुद्धा पुरातत्त्वीय हेतूने उत्खनन करण्याची मुभा राज्य शासनाला केंद्र शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय देता येत नाही. जे राज्य शासनाला स्वतःहून देता येत नाही ते तालुक्याच्या कार्यालयाला देता येणार नाही, हे उघड आहे. म्हणून अर्ज नेहमी हरवलेल्या वस्तूसाठी असावा आणि कामही तेवढ्याच मर्यादेत राहावे.

कोणत्या जागी यंत्र पिशवीतून बाहेरच काढू नये?

तापी-पूर्णा संगमावरील चांगदेव मंदिर आणि थाळनेर येथील फारुकी राजवटीच्या कबरी यांसारखी स्मारके केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा पट्टा विनियमित मानला जातो. बांधकामाबरोबर खाणकामालाही हे निर्बंध लागू आहेत आणि खाणकामाच्या व्याख्येत खणणे येते. २०१० च्या सुधारणेनंतर स्मारकाला हानी पोहोचविणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा स्वतंत्र कायदा आहे.

फलक नसलेल्या जागा मात्र अधिक नाजूक असतात, आणि येथे थोडे थांबावेसे वाटते. आपल्याकडे गावाची पांढरी आणि शेताची काळी असा भेद पूर्वापार आहे. पांढरी म्हणजे माणसांनी पिढ्यानपिढ्या राहून साचवलेली माती: राख, शेण, पडलेल्या भिंती, फुटकी मडकी. तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे येथील टेकाडाचे १९५५ मध्ये उत्खनन झाले आणि ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर उघडे पडले. गिरणेकाठी चाळीसगाव तालुक्यात बहाळ आणि तापीकाठी सावळदे येथेही अशीच जुनी वस्ती निघाली, आणि सावळद्याच्या नावाने तर तेथील मडक्यांची एक संपूर्ण संस्कृती ओळखली जाते. अशा टेकाडात एक तांब्याचा तुकडा कोणत्या थरात, कोणत्या खापराशेजारी पडला होता, यावरच त्याचा काळ ठरतो. तो उपसून घरी आणला की भंगाराच्या भावाने तोलण्याएवढाच अर्थ त्याला उरतो. नदीची दरड कोसळून राखाडी माती, खापरे आणि बांगड्यांचे तुकडे दिसू लागले की तेथून मागे फिरावे, असा माझा स्वतःसाठीचा नियम आहे.

याशिवाय यावल अभयारण्य आणि शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्य येथे वन विभागाच्या परवानगीविना प्रवेशच नाही. भुसावळ आणि वरणगाव येथील आयुध निर्माणींचा परिसर व रेल्वेची हद्द यांपासूनही दूर राहावे. कोठेही काडतुसासारखी वा नळकांड्यासारखी वस्तू दिसल्यास तिला हात न लावता ११२ वर कळवावे.

कोणाची तरी हरवलेली अंगठी सापडली, तर ती माझी होते का?

होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७१ नुसार सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती सांभाळण्याची तीच जबाबदारी येते जी ठेवीदाराची वस्तू सांभाळणाऱ्यावर असते. मालक शोधण्याचा वाजवी प्रयत्न न करता ती आपली म्हणून वापरली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली अप्रामाणिक अपहाराचा गुन्हा होतो आणि त्यास ६ महिन्यांपासून २ वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. मालकाने बक्षीस जाहीर केले असेल तर ते मागण्याचा हक्क मात्र कायद्याने दिला आहे.

एका उन्हाळ्यात पांझरेकाठी दशक्रियेच्या विधीनंतर एका कुटुंबाची पोत अशीच शोधली होती. दोन तासांत खिळे, गुटख्याच्या पुड्यांची चांदी आणि एक कुलूप निघाले. मग पायरीच्या कडेला, वीतभर खोल, बारीक पण स्थिर आवाज आला. खुरप्याने न उकरता ओली वाळू ओंजळीने चाळणीत घेतली, तेव्हा आधी दोन काळे मणी आले आणि त्यांच्यामागून एक वाटी चमकली. दुसरी वाटी अखेर मिळाली नाही. त्या ताईंनी एक वाटी मुठीत घट्ट धरली आणि दुसरीबद्दल विचारलेही नाही. अशा वेळी पोलीस पाटील किंवा गावातील दोन माणसे समोर असावीत. दुसरी वाटी कोठे गेली, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायचा राहतोच असे नाही.

जुनी नाणी किंवा दागिने सापडले तर काय करावे?

खणणे थांबवावे. जागेचे छायाचित्र घ्यावे, वस्तू घासूनपुसून लखलखीत करण्याचा मोह टाळावा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे. निखात निधी अधिनियमाचे कलम ४ सांगते की १० रुपयांपेक्षा अधिक मोलाचा निधी सापडल्यास त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख यांची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, आणि निधी जवळच्या शासकीय कोषागारात जमा करावा किंवा मागणी होताच हजर करण्याची हमी द्यावी. १० रुपयांची मर्यादा १८७८ ची आहे. तेव्हा त्या रकमेला वजन होते. आज तेवढ्यात चहाचा एक कट येतो, तरी आकडा तोच आहे, त्यामुळे कळवण्याच्या कर्तव्यातून व्यवहारात जवळपास काहीच सुटत नाही.

पुढे जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून दावेदारांना बोलावतात. सुनावणीचा दिवस सूचनेनंतर ४ महिन्यांच्या आत किंवा ६ महिन्यांनंतर ठेवता येत नाही. निधी मागील १०० वर्षांत पुरलेला दिसत असेल आणि पुरणाऱ्याच्या वतीने कोणी हक्क सांगितला, तर तो हक्क दिवाणी न्यायालयात ठरतो. कोणी पुढे न आल्यास निधी बेवारस ठरतो. मग शोधणारा आणि जागेचा मालक यांच्यात आधी करार नसेल तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला, असे वाटप कायद्यात आहे. परंतु हुरळून जाऊ नये: शासन तो निधी स्वतःकडे घेऊ शकते आणि तेव्हा मिळतो तो धातूचा मोबदला अधिक त्याचा एक पंचमांश, नाण्याच्या दुर्मिळतेचा बाजारभाव नव्हे.

सूचना न दिल्यास किंवा निधीची ओळख पुसण्याचा प्रयत्न केल्यास शोधणाऱ्याचा हिस्सा शासनजमा होतो आणि १ वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होतात. हंड्यातले सोने सराफाकडे नेऊन आटवून घेणे म्हणजे नेमके हेच. जाणूनबुजून साथ देणाऱ्या जागामालकासाठी ६ महिन्यांपर्यंतची कैद वेगळी.

एकच शिवराई सापडली, तीही कळवायची का?

कळवावी, असे माझे मत आहे. तापीकाठी तांब्याची झिजलेली शिवराई किंवा ढब्बू पैसा पूर वाहून आणतो आणि त्याचे मोल कोणी मोठे मानत नाही. परंतु ते १० रुपयांच्या आत आहे हे आपणच ठरवण्यापेक्षा तहसील कार्यालयात एक ओळ लिहून देणे सोपे. शिवाय एका नाण्याखाली पुष्कळदा मडके असते.

सापडलेली जुनी नाणी विकता येतील का?

१०० वर्षांहून जुने नाणे १९७२च्या अधिनियमाखाली पुरावशेष ठरते. पुरावशेष विकण्याचा व्यवसाय परवान्याविना करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. निखात निधीची सूचना न देता केलेली विक्री तर दुहेरी संकट आहे. “तुमच्या नाण्याचे लाखो रुपये देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा” असे फोनवर सांगणारा माणूस नाणेसंग्राहक नसतो, एवढे पुरे.

गुप्तधन शोधून देतो असे सांगणारे लोक डिटेक्टर घेऊन येतात. त्यांना शेतात येऊ द्यावे का?

येऊ देऊ नये. पूर्वी लिंबू-नारळ घेऊन येणारे आता वर एक यंत्रही आणतात, एवढाच फरक पडला आहे. यंत्र घरातून निघतानाच खिशातल्या नाण्यावर वाजवून दाखवले जाते, मग “धन आहे पण राखण आहे” असे सांगून विधीचे पैसे मागितले जातात. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा समावेश असून ६ महिने ते ७ वर्षे कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. शेतमालकही या खटल्यांत ओढला जातो.

घाटावर भाविकांनी वाहिलेली नाणी गोळा करता येतात का?

प्रकाशे, मुडावद अशा संगमांवर मुले दोरीला लोहचुंबक बांधून पोलादी नाणी ओढतात. ती त्यांची दिवसाची कमाई असते आणि तिला आजवर कोणी हरकत घेतलेली मी पाहिली नाही. हौसेखातर हजारोंचे यंत्र घेऊन त्यांच्या जागेवर उभे राहू नये.

सुट्टीत समुद्रकिनारी गेल्यावर वेगळे नियम आहेत का?

नंदुरबारकर सुरतमार्गे डुमसला जातात आणि बाकीचे अलिबाग-दिवेआगरकडे. वरील केंद्रीय कायदे गुजरातेतही तेच आहेत. किनाऱ्यावर भरतीरेषेखालची जमीन शासनाची असते आणि किनारी नियमन क्षेत्राचे निर्बंध वाळू उपशाला लागू होतात, म्हणून स्थानिक ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणे यांना आधी कळवावे. अलिबागचा कुलाबा किल्ला संरक्षित आहे. ओहोटीला पायी जाता येते म्हणून त्याच्या तटाखालची वाळू मोकळी झाली असे होत नाही. रत्नागिरीतील वेळाससारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि त्यांची घरटी वाळूतच असतात. तेथे खुरपे लावणे वन्यजीव कायद्याचा भंग ठरू शकतो. दिवेआगरचा सुवर्ण गणेश १९९७ मध्ये सुपारीच्या बागेत खणताना मिळाला, ही गोष्ट ऐकून अनेक जण तेथे यंत्र नेतात, पण तो किनाऱ्यावर नव्हे तर खासगी बागेत सापडला होता आणि अखेर गावच्या मंदिरात गेला.

तापीच्या वाळूत यंत्र सारखे का वाजत राहते?

आपली वाळू बेसाल्टच्या झिजेतून आली आहे आणि तिच्यात मॅग्नेटाइटचे काळे कण भरपूर आहेत. लोहचुंबक फिरवला तर त्याला मिशा फुटतात. हे कण यंत्राला धातूचा भास करून देतात. म्हणून सुरुवातीला मोकळ्या जागी यंत्राच्या टोकाची तबकडी वर-खाली करून जमिनीचा आवाज शून्यावर आणावा आणि संवेदनक्षमता थोडी कमी ठेवावी. समुद्राच्या ओल्या खाऱ्या वाळूत साधी एका वारंवारतेची यंत्रे त्याच प्रकारे गोंधळतात. उगाच वाजले म्हणून उकरत बसणाऱ्याचे खड्डे वाढतात आणि गावाची मर्जीही जाते.

पावसाळ्यात पात्रात उतरावे का?

नाही. हतनूरचे दरवाजे उघडल्यावर तापीकाठच्या गावांना इशारा दिला जातो, तो गंभीरपणे घ्यावा. वाळूउपशाने पडलेले डोह पाणी ओसरल्यावरही तळाशी गाळ धरून असतात, त्यामुळे उन्हाळ्यातही काठी टेकवून पुढे जावे आणि एकट्याने जाऊ नये.

पोलिसांनी किंवा गावकऱ्यांनी अडवले तर?

यंत्र बंद करून खाली ठेवावे, पिशवी स्वतःहून उघडून दाखवावी आणि अर्जाची पोच द्यावी. वाद घालू नये. गावातले वडीलधारे “भाऊ, काय शोधी राहिना?” असे विचारतात तेव्हा त्यांना खरोखरच उत्तर हवे असते, कानाला हेडफोन तसाच ठेवून उत्तर देणे त्यांना अपमानाचे वाटते. रात्री बॅटरी लावून पात्रात फिरणे मी पूर्णपणे टाळतो, कारण तेव्हा कोणताही कागद दाखवण्यापूर्वी काठी पुढे येते.

खड्डा किती खोल घ्यावा आणि निघालेल्या कचऱ्याचे काय करावे?

हरवलेली ताजी वस्तू सहसा वीतभर खोलीत असते. कोपराहून खोल जाण्याचे कारण नाही. खड्डा लगेच बुजवून पायाने दाबावा, कारण संध्याकाळी त्याच वाटेने गुरे परततात. खिळे, पत्रे आणि बुचे परत वाळूत न टाकता पिशवीत घ्यावीत आणि भंगारवाल्याला द्यावीत.